झाकीर हुसेन गुलाबबाग : स्मारक कसे पाहावे?

फेब्रुवारी महिन्यात चंडीगडला गेलेला पाहुणा गुलाबबाग न पाहता परतला, तर यजमानांना ते मुळीच आवडत नाही. आम्हीही एका परिसंवादाच्या निमित्ताने तेथे गेलो असता, दुपारचे सत्र संपताच यजमान आम्हाला सेक्टर १६ मधील झाकीर हुसेन गुलाबबागेत घेऊन गेले. ऊन कोवळे होते. ताटवे भरात होते. त्याच वेळी तेथे एका शाळेची सहल आलेली होती. पाचवी-सहावीतली चाळीसएक मुले आणि प्रत्येकाच्या हातात वही. प्रत्येकाने पंचवीस गुलाबांची नावे उतरवून आणायची, असे काम त्यांना दिलेले होते. मुले पाटीपाशी वाकत, नाव लिहून घेत आणि पुढच्या पाटीकडे धावत. फुलाकडे पाहण्याची सवड कोणालाच नव्हती.

एक मुलगी मात्र एका झुडपापाशी थबकली. झुडपाच्या बुंध्याजवळून एक लांब, सरळ फांदी निघाली होती आणि तिची पाने बाकीच्या पानांहून लहान व फिकट होती. "एकाच झाडाला दोन तऱ्हांची पाने कशी?" अशा अर्थाचा प्रश्न तिने हिंदीत विचारला. "नाव लिही आणि पुढे चल," असे उत्तर तिला मिळाले.

त्या शिक्षिकेला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चाळीस मुले आणि जेमतेम तासाभराचा वेळ अशा स्थितीत आम्हीही कदाचित हेच केले असते. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. गुलाबबाग ही एक रचना आहे, आणि पुस्तकाचे किंवा प्रदर्शनाचे परीक्षण करतात तसे तिचेही करता येते. त्यातून ही बाग एका थोर शिक्षकाच्या नावाने आहे. म्हणून शिक्षकांच्या या मासिकात तिचे परीक्षण करणे योग्यच ठरावे.

बागेमागची माणसे

ही बाग १९६७ साली स्थापन झाली. त्या वेळी चंडीगड या केंद्रशासित प्रदेशाचे मुख्य आयुक्त डॉ. मोहिंदरसिंग रंधावा होते आणि बागेची कल्पना त्यांची. रंधावा (१९०९–१९८६) आय.सी.एस. अधिकारी म्हणून प्रसिद्ध असले, तरी मुळात ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गोड्या पाण्यातील शैवाले हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि त्यांना डी.एससी. ही पदवी त्याच कामासाठी मिळाली होती. चंडीगडच्या रस्त्यांवर कोठे कोणती झाडे लावायची, हे ठरविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

ज्यांचे नाव बागेला दिले ते डॉ. झाकीर हुसेन (१८९७–१९६९) त्याच वर्षी, म्हणजे मे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले होते. दोन वर्षांनी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांना गुलाबांचे वेड होते. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाच्या उद्यानात (२०२३ पासून त्याचे नाव 'अमृत उद्यान' असे आहे) त्यांनी गुलाबांचे अनेक नवे वाण आणविले. गुलाबांचा शौकीन राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव एका गुलाबबागेला दिले जाणे स्वाभाविकच आहे.

पण झाकीर हुसेन यांची मूळ ओळख वेगळी आहे आणि तिचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. बर्लिनहून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने १९२६ ते १९४८ अशी तब्बल बावीस वर्षे जामिया मिल्लिया या संस्थेचे कुलगुरुपद सांभाळले. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद बोलावली. तीत ठरलेल्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. 'नई तालीम' किंवा 'वर्धा योजना' म्हणून आपण जी ओळखतो, तिचा अभ्यासक्रम या समितीने डिसेंबर १९३७ मध्ये सादर केला. मुलाने हाताने काही उपयुक्त काम करावे आणि भाषा, गणित, विज्ञान हे विषय त्या कामाच्या ओघात शिकावे, हे त्यातील मुख्य सूत्र होते. सूतकताई व सुतारकामाबरोबर शेती आणि बागकामही त्यात होते. पुढे ही योजना मागे पडली, त्याची कारणे वेगळी आहेत. पण हाताने केल्याशिवाय खरे शिकणे होत नाही, हा विचार जुना झालेला नाही.

एका वनस्पतिशास्त्रज्ञाने घडविलेली आणि एका शिक्षकाच्या नावाने ओळखली जाणारी, अशी ही बाग आहे. तिच्याकडून जास्त अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे.

जमेची बाजू

आधी चांगले काय आहे ते सांगू. सुमारे तीस एकरांची ही बाग शहराबाहेर कोठेतरी नाही. सेक्टर १७ या मध्यवर्ती व्यापारी भागाला लागूनच ती आहे. चंडीगडच्या आराखड्यात एका जुन्या पावसाळी ओढ्याच्या काठाने शहराच्या लांबीभर एक हिरवा पट्टा मोकळा राखलेला आहे. त्याला 'लेझर व्हॅली' म्हणतात. गुलाबबाग या पट्ट्याचाच एक भाग आहे. ओढ्याची जागा बुजवून तेथे इमारती उभ्या करण्याचा मोह आपल्या बहुतेक शहरांनी आवरलेला नाही. तो येथे आवरला गेला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुलाबांच्या जोडीला बेल, बेहडा, हिरडा, कापूर अशी औषधी झाडेही येथे लावलेली आहेत. त्यामुळे नुसते ताटवे पाहून डोळ्यांना येणारा शीण येथे येत नाही.

दुसरी जमेची बाजू हवामानाची. कडक थंडी आणि लख्ख ऊन ही जोडी गुलाबाला फार मानवते. थंडीत कळीची वाढ सावकाश होते, फूल मोठे होते आणि कित्येक वाणांत पाकळ्यांची संख्याही वाढते. तोच वाण पुण्या-नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत फुलला तर लहान, उघडाबोडका दिसतो. म्हणजे आनुवंशिकता तीच असूनही परिस्थितीने रूप बदलते. पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेला हा मुद्दा फेब्रुवारीत या बागेत आणि उन्हाळ्यात आपल्या अंगणात प्रत्यक्ष पाहता येतो.

तिसरी गोष्ट संख्येची. शेकडो वाण एका जागी असल्याने तुलना करता येते, आणि तुलनेपासूनच विज्ञानाची सुरुवात होते. मात्र संख्येपाशीच आमची पहिली तक्रारही आहे.

सोळाशे कशाचे?

पर्यटकांसाठी लिहिलेल्या मजकुरात या बागेविषयी एक वाक्य वारंवार आढळते. येथे गुलाबाची पन्नास हजार झुडपे असून ती सोळाशे निरनिराळ्या 'स्पीशीज'ची, म्हणजे जातींची आहेत, असे त्यात म्हटलेले असते. एकाने लिहिले की दुसरा ते उतरवतो. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र हे वाक्य वाचताच थांबावेसे वाटले पाहिजे.

पाठ्यपुस्तकातील वर्गीकरणाची उतरंड आठवून पाहा : कुल, प्रजाती, जाती. गुलाब रोझेसी कुलातील रोझा या प्रजातीत येतो. या प्रजातीत संपूर्ण जगात मिळून जाती आहेत सुमारे दीडशे. मग एका बागेत सोळाशे जाती कोठून येणार? ते असतात वाण, म्हणजे माणसाने संकर करून, निवड करून आणि कलमे बांधून टिकवलेले प्रकार. हापूस, पायरी आणि केसर या आंब्याच्या तीन जाती नव्हेत. एकाच जातीचे ते तीन वाण आहेत. गुलाबांचेही तसेच आहे. फरक इतकाच की आजचा बागेतील गुलाब अनेक जातींच्या मिश्रणातून तयार झालेला आहे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. जात निसर्गात उत्क्रांतीने घडते आणि तिला लाखो वर्षे लागतात. वाण माणूस घडवतो आणि त्याला आठ-दहा वर्षे पुरतात. सोळाशे जाती म्हटले की निसर्गाची श्रीमंती डोळ्यांसमोर येते. सोळाशे वाण म्हटले की माणसाचे श्रम आणि चिकाटी दिसते. एका शब्दाच्या चुकीने त्या सगळ्या माणसांचे काम पुसले जाते. नई तालीमच्या शिल्पकाराच्या नावाने असलेल्या बागेबाबत तरी असे होऊ नये.

पाटीवर न मावणारा इतिहास

जगभरच्या गुलाबबागांत पाटीवर सहसा वाणाचे नाव असते. फारतर तो तयार करणाऱ्याचे नाव आणि वर्ष असते. नाव ही गोष्ट आवश्यक आहे, पण नावाने कुतूहल भागल्याचा भास होतो आणि प्रश्न विचारायचे राहून जातात. खरे तर प्रत्येक पाटीमागे मोठी गोष्ट दडलेली असते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलत. चीनमध्ये मात्र हजारो मैल दूर बागाइतदारांनी वर्षभर पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब जोपासलेले होते. १७९० ते १८२५ या काळात त्यांतील काही वाण जहाजांतून इंग्लंडला पोचले. काहींचा प्रवास कलकत्त्यावरून झाल्याने फ्रान्समध्ये या चिनी गुलाबांना 'बंगाल गुलाब' म्हणू लागले! त्यांचा युरोपीय गुलाबांशी संकर झाला आणि त्यातून आधुनिक गुलाब जन्मला. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो यांनी प्रसृत केलेला 'ला फ्रान्स' हा वाण पहिला 'हायब्रीड टी' मानला जातो. जुने आणि आधुनिक गुलाब यांच्यामधली सीमारेषाही त्याच वर्षावर आखतात. म्हणजे चंडीगडची बाग उभी राहिली तेव्हा आधुनिक गुलाब नेमका शंभर वर्षांचा झाला होता.

चिनी गुलाब सतत का फुलत होते, याचे उत्तर मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. गुलाबात फुलण्यावर ब्रेक लावणारे एक जनुक असते. चिनी गुलाबांत या जनुकात डीएनएचा एक 'उडता' तुकडा घुसून बसलेला आढळला आणि त्यामुळे तो ब्रेक निकामी झालेला दिसला. हा बिघाड निसर्गात आपोआप झाला. तो ओळखून जपण्याचे काम चीनमधल्या अनाम माळ्यांनी केले. फेब्रुवारीतल्या बहराचे निम्मे श्रेय त्यांचे आहे.

पिवळ्या रंगाचेही असेच. गडद पिवळा रंग पश्चिम आशियातील रोझा फीटिडा या जातीकडून आला. फ्रान्सच्या पर्ने-दुशे यांनी अनेक वर्षे खटपट केल्यावर १९०० साली 'सोलेय द'ऑर' हा वाण बाजारात आणला. निळा गुलाब मात्र संकराने झालाच नाही, कारण निळ्या छटेसाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयार करण्याची यंत्रणाच गुलाबात नाही. जपानमध्ये दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालून तयार केलेला गुलाब २००९ मध्ये विक्रीला आला. तोही निळ्यापेक्षा जांभळटच आहे.

आणि यात भारताचा वाटा? डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) हे नाव प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठाऊक हवे. तांबेरा रोगाला तोंड देणारे गव्हाचे वाण तयार करणारे हे आनुवंशशास्त्रज्ञ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक होते. त्यांनी गुलाबांचे शंभराहून अधिक वाण तयार केले आणि 'द रोज इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. विमान-अपघातात १९६६ साली गेलेल्या डॉ. होमी भाभा यांच्या नावाचा पांढरा गुलाब त्यांनीच घडविला. गव्हाच्या लोंबीवर परागसिंचन करणारा हात आणि गुलाबावर ते करणारा हात एकच होता, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. कोडाईकनालच्या विराराघवन दांपत्याने रोझा क्लिनोफिला आणि मणिपूरकडील रोझा जायगँशिया या आपल्याकडच्या रानजातींचा उपयोग करून उष्ण हवामानाला मानवतील असे वाण तयार करण्याचे काम केले आहे. त्यांच्या एका गुलाबाला २०१९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांचे नाव दिले गेले. जानकी अम्माळ आणि झाकीर हुसेन यांचे जन्मवर्ष एकच, १८९७.

एक झुडूप, दोन झाडे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. एकाच झुडपाला दोन तऱ्हांची पाने कशी?

तिला जे झुडूप एक वाटले ती प्रत्यक्षात दोन झाडे होती. आधुनिक गुलाब बी पेरून वाढवत नाहीत. संकराची बी पेरली तर प्रत्येक रोप वेगळे निघते आणि वाण हातचा जातो. म्हणून एका काटक, जोमदार मुळांच्या गुलाबाचा खुंट घेतात. त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन तिच्यात हव्या त्या वाणाचा एक डोळा बसवतात आणि वर पट्टी बांधतात. यालाच आपल्याकडे डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटला की वरचा खुंट कापून टाकतात. मुळे एकाची आणि फुले दुसऱ्याची, असा हा संसार असतो. उत्तर भारतात खुंटासाठी बहुधा रोझा इंडिका ओडोराटा या नावाने ओळखला जाणारा गुलाब घेतात, इतरत्र रोझा मल्टिफ्लोराही घेतात.

कधी कधी जोडाच्या खालून खुंटालाच फूट येते. तिची पाने, काटे, वाढण्याची पद्धत सगळेच वेगळे असते. ती वेळीच काढली नाही तर अन्न तिकडे जाते, वरचा वाण कमजोर होतो आणि दोन-तीन वर्षांत ताटव्यात खुंटच तेवढा उरतो. मुलीने पाहिली ती हीच जंगली फूट. त्या बागेत त्या दिवशी कोणी विचारलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याच पाटीवर असणे शक्य नव्हते. शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्या माळ्याला आम्ही विचारले, तेव्हा त्याने काही न बोलता माती थोडी उकरून जोडाची गाठ दाखवली आणि ती फूट हाताने खालून ओढून काढली. कापली तर पुन्हा फुटते, ओढून काढावी लागते, एवढेच तो म्हणाला. अर्ध्या मिनिटाचा हा धडा आमच्या लक्षात राहिला. सहलीतील मुले तोवर फाटकाबाहेर गेली होती.

आमच्या टीकेचा गाभा येथे आहे. गुलाबबाग आपल्याला फळ दाखवते आणि काम लपवते. डोळे भरणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किंवा ऐन हिवाळ्यात, छाटणी ऑक्टोबरात, आणि पाहुणे येणार फेब्रुवारीत! पाहुण्यांच्या नजरेस फक्त नटलेली बाग पडते. रोपवाटिका तर पाहुण्यांच्या वाटेवर कोठेच नसते. हा एका बागेचा दोष नाही, गुलाबबाग या कल्पनेचाच तो दोष आहे. पण मूलोद्योगी शिक्षणाच्या पुरस्कर्त्याचे स्मारक म्हणून तिच्याकडे पाहिले की हा दोष डोळ्यांत भरतो.

दगडाचे स्मारक आणि डोळ्याचे स्मारक

याच मुद्द्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती विचारात घेतल्यावर या स्मारकाविषयीचा आमचा आदर वाढला. कलमी गुलाबाचे झुडूप दहा-पंधरा वर्षे जोमात राहते, मग थकते. १९६७ मध्ये लावलेली झुडपे आज क्वचितच उरली असतील. तरीही बाग आहे, कारण दर पिढीत कोणीतरी डोळे काढले आणि नव्या खुंटांवर भरले. 'पीस' या विख्यात वाणाचे उदाहरण घ्या. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ मध्ये केलेल्या संकरातून हा वाण निघाला. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेत त्याला 'शांती' या अर्थाचे हे नाव दिले गेले. आज जगात जेथे कोठे 'पीस' आहे तो त्या एकाच रोपाच्या देहाचा भाग आहे. डोळ्यांची साखळी कोठेही तुटली असती तर तो वाण संपला असता.

दगडी पुतळा उभारला की तो उभा राहतो. त्याची आठवण ठेवण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही, आणि बहुधा कोणी करीतही नाही. गुलाबाचे स्मारक दरवर्षी छाटावे लागते, जंगली फूट काढावी लागते, काही वर्षांनी पुन्हा भरावे लागते. काम थांबले की स्मारक संपले. हाताच्या कामातून शिक्षण द्या म्हणणाऱ्या शिक्षकाला याहून योग्य स्मारक सुचणे कठीण आहे. रंधावांच्या मनात एवढा विचार होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा. बागेत तो अर्थ आहे, आणि तो पाहुण्यांपासून लपून राहतो, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून कोणत्याही स्मारक-गुलाबबागेकडून आमच्या चार साध्या अपेक्षा आहेत. एक, पाटीवर नावाखाली आई-बापांची नावे असावीत. दोन, एक वाफा पूर्वजांचा असावा : गॅलिका, चिनी गुलाब, क्लिनोफिला, आणि हवामान मानवेल त्या इतर जाती. पाच पाकळ्यांच्या साध्या फुलाशेजारी साठ पाकळ्यांचा गुलाब उभा राहिला की वेगळे व्याख्यान लागत नाही. तीन, डोळा भरण्याचे काम पाहुण्यांसमोर, त्या त्या हंगामात उघड्यावर व्हावे आणि एक-दोन खुंट मुद्दाम फुलू द्यावेत. चार, ज्याच्या नावाने बाग आहे त्याच्याविषयी राष्ट्रपती एवढेच न सांगता वर्ध्याची गोष्टही सांगावी. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

शिक्षकांनी काय करावे?

बागा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. चंडीगड दूर असले तरी गुलाब प्रत्येक गावात आहे. नावे उतरवण्याऐवजी मुलांना पुढील कामे देता येतील. सार्वजनिक बागेत फुले तोडायची नाहीतच. गळलेली फुले, छाटलेल्या फांद्या आणि माळीकाकांची परवानगी एवढ्यावर भागते.

१. कळीखालची पाच निदले नीट पाहा. बहुतेक गुलाबांत दोन निदलांना दोन्ही कडांवर झालरी असतात, दोघांना मुळीच नसतात आणि एकाला फक्त एका कडेवर असते. असे का? निदले एकामागून एक १४४ अंशांच्या अंतराने येतात आणि एकमेकांवर चढतात. जी कड उघडी राहते तिला झालर येते, जी झाकली जाते तिला येत नाही. झाकलेल्या कडा मोजून मुलांना हा क्रम स्वतः शोधू द्या.

२. भरगच्च फूल बाहेरून आत सोलत जा. मध्याजवळ अर्धी पाकळी आणि अर्धा पुंकेसर असे अवयव सापडतील. कडेला परागकोशाचा पिवळा ठिपका आणि बाकी पाकळी. जादा पाकळ्या कोठून आल्या, हे आता सांगावे लागणार नाही.

३. काटा बाजूला दाबून मोडा. गुलाबाचा काटा सालीसह अलगद सुटतो. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा असा सुटत नाही. गुलाबाचा काटा त्वचेतून उगवतो, लिंबाचा व बोगनवेलीचा खोडाच्या अंतर्भागाशी जोडलेला असतो. गुलाब, वांगी यांसारख्या दूरच्या वनस्पतींत त्वचेचे काटे निर्माण होण्यामागे एकाच कुलातील जनुके असतात, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. काट्याच्या वांग्याशी तुलना करायला मुलांना सांगा.

४. शाळेच्या आवारात गावठी गुलाबाच्या पाच-सहा काड्या लावा. त्या खुंटांवर पुढच्या वर्षी मुलांच्या हातून डोळे भरा. दहांतले सात फुकट जातील, जाऊ द्या. का गेले, ते मुले लिहितील. जे जगतील त्यांची ऑक्टोबरात छाटणी करा आणि पहिल्या फुलापर्यंतचे दिवस मोजा. साधारण सहा-सात आठवडे लागतात, पण तारीख मुलांनीच काढावी.

८ फेब्रुवारी हा झाकीर हुसेन यांचा जन्मदिवस. गुलाबही तेव्हा बहरात असतात. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा एखाद्या मुलीच्या हाती चाकू आणि पट्टी दिली, तर ती आदरांजली त्यांना अधिक रुचली असती, असे आम्हाला वाटते. आणि त्या मुलीने विचारले की एकाच झाडाला दोन तऱ्हांची पाने कशी, तर तिला पुढे चल म्हणू नये. तिच्याबरोबर खाली बसावे आणि माती उकरून जोडाची गाठ दाखवावी.